सोफानोर बार्रियांचं घर चढावर जातं

घर ओढायचं तर आधी माणसं ओढावी लागतात, आणि माणसं घरापेक्षा जड असतात. दोचा बार्रियाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून नोव्हेंबर लागला, सगळ्यांचे बटाटे लावून झाले, तशी ती शाळा सुटल्यावर रोज एकेक दार घ्यायला लागली.

दक्षिण चिलीच्या चिलोएतल्या त्यांच्या त्या टीचभर बेटावर घर हलवायला मजूर लावत नाहीत. मालकानं, नाहीतर त्याच्या पोटच्या पोरानं, दारात जाऊन उभं राहायचं आणि मागायचं. "वडिलांचं घर ओढायचंय. तुमची बैलजोडी मागायला आलेय." समोरच्यानं थोडे आढेवेढे घ्यायचे. बैल दमलेत म्हणायचं, आपला गुडघा दाखवायचा. मग माते नावाच्या पाल्याच्या चहाचा भोपळा पुढे करायचा, आणि पाहुणीनं नळीतून दोन कडू घोट घेतले की विचारायचं, "किती वाजता येऊ?" याला मिंगा म्हणतात. मिंगेत पैशाचं नाव काढणं म्हणजे शिवी. त्या दिवशी पोटभर जेवण, सफरचंदाची आंबवलेली दारू, म्हणजे चिचा, आणि उद्या त्याचं घर ओढायची पाळी आली की तुम्ही हजर, एवढाच व्यवहार.

बारा दारं झाली, बारा जोड्या ठरल्या. तेरावं दार तिच्या वडिलांचं होतं, आणि तेच तिनं शेवटी ठेवलं होतं.

सोफानोर शहात्तर वर्षांचे. त्यांचं घर अगदी किनाऱ्याच्या कडेला, भिंतींना माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चिपा लावलेलं, उन्हापावसानं रुपेरी झालेलं. कड दर हिवाळ्यात, जून-जुलैच्या वादळांत, ढासळत होती. गेल्या साली कुंपण गेलं, यंदा कोंबड्यांचं खुराडं. आता स्वयंपाकघराच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत सात पावलं उरली होती, आणि ती सात पावलं दोचानं स्वतः मोजली होती.

"माझ्याकडे राहायला या," असं ती तीन वर्षं म्हणत होती.

"तुझ्या घरात मी पाहुणा," ते म्हणायचे. "पाहुण्याला शेगडीजवळची खुर्ची मिळते. पण शेगडीत कुठलं लाकूड घालायचं, ते विचारावं लागतं."

तेव्हा तिनं डाव टाकला. तुम्ही येऊ नका, घरच येऊ दे. वर शाळेशेजारी माझ्या आवारात जागा आहे, तिथं आणून ठेवू. यावर सोफानोरना नाही म्हणणं जड होतं, कारण चाळीस वर्षं बेटावरच्या प्रत्येक मिंगेत बैलांच्या पुढे चालून हुकूम सोडणारा माणूस म्हणजे ते स्वतः. एकतीस घरं आणि एक देऊळ त्यांनी हलवलं होतं. अमुक एक घर हलणार नाही, असं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आता आपल्याच घराबद्दल कसं निघावं?

"बारा जोड्या ठरल्या, बाबा," दारातूनच ती म्हणाली.

"बारा?"

"शनिवारी."

ते शेगडीवरच्या किटलीकडे बघत राहिले. "ओढा," म्हणाले.

एवढ्या सहज? दोचा वाटेनं वर जाताना दोनदा थांबली. बावन्न वर्षांत या माणसानं पहिल्याच बोलण्यात होकार दिलेला तिला एकदाही आठवेना. पण मिळालेला होकार उलटून बघू नये, म्हणून ती पुन्हा चालायला लागली. घाई होतीच. बेटावरच्या बैलजोड्या दरवर्षी कमी होत होत्या. तरणी मंडळी मासे पाळण्याच्या कामाला जात होती, आणि बैल सांभाळायला माणूस लागतो. यंदा बारा जमल्या. पुढच्या साली सातसुद्धा जमतील की नाही कोण जाणे, आणि सात जोड्यांनी घर हलत नाही. शनिवार हुकला तर बाबा तिथंच, त्या कडेवर, आणि पुढचा हिवाळा कुणाच्या बापाला विचारून येत नाही.

शाळेत त्या आठवड्यात धडा होता तोही नेमका बलाचा आणि गतीचा. शाळा म्हणजे एक खोली आणि नऊ मुलं. दोचा आंकुदच्या अध्यापिका विद्यालयातून शिकून आलेली, पण तिथं शिकवलं ते सुंदर अक्षर आणि प्रार्थना. विज्ञान तिनं स्वतःचं स्वतःच गोळा केलं होतं, मुलांच्या एक पान पुढे राहून. कधी पान लांबलं तर अर्ध्या पानानंसुद्धा भागवलं.

तिनं बुटाच्या खोक्यात दगड भरले, खोक्याला दोरी बांधली आणि मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवला. नायादेत नावाची नऊ वर्षांची मुलगी, जिच्या तोंडाला कुलूप नाही, ती ओढायला पुढे आली. खोकं आधी हलेना. काटा चारवर गेला, पाचवर गेला, मग खोकं एकदम सुटलं, आणि चालत राहिलं तेव्हा काटा तीनवर आला.

"बाई, निघताना जास्त, निघाल्यावर कमी. असं का?"

"घर्षण," दोचा म्हणाली. "दोन वस्तू एकमेकींना धरून ठेवतात. बसलेल्या असताना जास्त घट्ट धरतात."

"म्हणजे खोक्याला उठायचा कंटाळा येतो."

"कंटाळा नाही. ते जसं आहे तसंच राहणार. थांबलंय तर थांबलेलं, चाललंय तर चाललेलं. कुणीतरी ढकलल्याशिवाय नाही तर अडवल्याशिवाय त्यात बदल नाही."

"माझ्या आजीसारखं," नायादेत म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

मग खोक्याखाली गोल पेन्सिली घातल्या. काटा एकावर आला. शनिवारी घराखाली अशाच पेन्सिली असतील, पण झाडाच्या, असं दोचानं सांगितलं. तेव्हा नऊही जणांनी आपण येणार म्हणून जाहीर केलं. कुणी बोलावलं नव्हतं, पण मिंगेला मुलांना बोलवावं लागत नाही.

शुक्रवारी पुरुषमंडळी पहारी घेऊन आली. घर वीतभर उचललं, खाली दोन लांब जाड ओंडके सरकवले, त्यांच्याखाली आडवे गोल ओंडके. आतून भिंतींना टेकू लावले. तीन कोपरे त्यांनी केले. चौथा कोपरा, मागचा, स्वयंपाकघराचा, तिथं सोफानोर पाचर घेऊन आधीच पालथे पडले होते.

"याला मी बघतो," ते खालूनच म्हणाले. "इथं कोंबडी अंड्यांवर बसलीय. तुमचे बूट बघून उठेल."

कुणी जास्त विचारलं नाही. म्हाताऱ्याचं घर, म्हाताऱ्याची कोंबडी.

शनिवारी सकाळी ओहोटीच्या वेळेला बैल आले. धुकं होतं, पण पातळ. खिडक्या काढून गवतात उभ्या केल्या, शेगडी चौघांनी उचलून बाहेर आणली, धुराडं बाजूला आडवं ठेवलं. नुसतं रिकामं घर बिचारं ओशाळल्यासारखं दिसत होतं, दात काढून ठेवलेल्या माणसासारखं. शाळेच्या आवारात ओर्तेन्सिया, दोचाची शेजारीण, सकाळपासून बायकांना घेऊन खड्ड्यात दगड तापवत होती. त्यावर शिंपले, मटण, बटाटे आणि मिल्काओच्या, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या, जाड भाकऱ्या थरावर थर रचून दुपारपर्यंत वाफवायच्या होत्या.

हुकूम द्यायला या खेपेला अबेलिनो. सोफानोरच्या हाताखाली वीस वर्षं ओंडके उचलून तो शिकला होता. आवाज मोठा, पण त्या आवाजात अजून जरा विचारणा असायची.

बेटावरची रीत अशी, की ज्याचं घर त्यानं दोराला हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. मालकाचा जीव भिंतीत अडकलेला असतो; एक फळी करकरली की तो थांबा म्हणून ओरडतो, आणि बैल बिचकतात. म्हणून मालकानं चिचा वाढायची आणि गप्प बसायचं. ही रीत इतरांना चाळीस वर्षं ऐकवणारे सोफानोर इस्त्रीची टोपी घालून पालथ्या होडीवर बसले, मांडीवर माते, तोंड बंद.

"काका, सुरू करू?" अबेलिनोनं विचारलं.

सोफानोरनी नळीतून घोट घेतला. मालकाला विचारू नये, हेही रीतीतच होतं. अबेलिनो ओशाळला आणि बैलांकडे वळला.

"चला रे राजांनो! एक साथ! हो… ओढ!"

चोवीस माना खाली गेल्या. साखळ्या आणि दोर ताठ झाले. घर करकरलं, दोन वीत पुढे आलं आणि थांबलं.

"परत. हो… ओढ!"

हललं नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा पुढचा एक दोर तुटून सपकन मागे आला, आणि दोन माणसं चिखलात आडवी झाली. लागलं कुणाला नाही. आडवे झालेले आधी चिचा मागायला लागले.

"ओंडक्यांना चरबी कमी पडली," एक म्हणाला.

"डाव्या जोडीतला तो काळा लबाड आहे. नुसता जू धरून उभा राहतो. अगदी मालकासारखा."

"माझ्या बैलाला बोलू नको. तुझ्या घराच्या वेळी यानंच ओढलंय."

"तेव्हा तरुण होता. तूही होतास."

अबेलिनोनं टोपी काढून डोकं खाजवलं. "घरात काहीतरी बसलंय," तो हळूच म्हणाला. "कुणाची तरी नजर. दारात थोडी चिचा ओतूया काय?"

"चिचा वाया घालवायची तर मी घरी जातो," काळ्या बैलाचा मालक म्हणाला.

नवा दोर लावला. चरबी लावली. चौथ्यांदा ओढलं. आता घर हललं, पण पुढे नाही. डावीकडचा पुढचा कोपरा हातभर सरकला आणि सबंध घर जागच्या जागी थोडं वळलं. बैल फेसाळले. अबेलिनोनं हात वर केला. दुपारपर्यंत जोर पुरायचा असतो, आणि तो निम्मा इथंच, पहिल्या दोन विती जाण्यात, संपत चालला होता. माणसं आता एकमेकांकडे बघत होती. आज नको, असं कुणीतरी लवकरच म्हणणार, हे दोचाला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. मिंगेत तो शब्द एकानं उच्चारला की संपलं.

"बाई," नायादेत तिच्या कोपराशी येऊन म्हणाली, "आमचं खोकं असं वळलं नव्हतं."

दोचा वळलेल्या घराकडे बघत होती. दार बिजागरीवर वळतं, कारण एक बाजू धरलेली असते. तीन कोपरे सरकले होते. चौथा, मागचा, स्वयंपाकघराचा, तसूभर हलला नव्हता. आणि पुस्तकातलं ते वाक्य, जे ती मुलांकडून दहादा म्हणवून घ्यायची, ते आता तिलाच कुणी म्हणून दाखवावं तसं आठवलं: ओढूनही वस्तू हलत नसेल, तर तेवढ्याच जोरानं कुणीतरी उलटं ओढतंय. पुढे बारा जोड्या. मग मागे बारा जोड्यांच्या ताकदीचं कोण बसलंय?

तिनं झगा गुडघ्यांवर खोचला आणि चौथ्या कोपऱ्याकडून घराखाली शिरली.

कोंबडी तिथं नव्हती. कधी असल्याचीही खूण नव्हती. होती ती साखळी, मचव्याच्या नांगराला असते तशी, कडी कडी मनगटाएवढी. एक टोक घराच्या मुख्य तुळईभोवती, दुसरं टोक जमिनीतल्या एका जुन्या आर्रायान झाडाच्या बुंध्याभोवती. तिच्यावर मातीचा थर होता, तो आता ताणानं निघाला होता. साखळी इतकी ताठ होती, की दोचानं बोट लावलं तर गुणगुणली.

ती बाहेर आली. केसात जाळी, कोपर काळे. अबेलिनो काही विचारायच्या आत ती त्याला म्हणाली, "बैलांना पाणी दाखव," आणि होडीकडे गेली.

"बाबा, खाली साखळी आहे."

"असेल."

"असेल काय, आहे. बोटाएवढी जाड," ती मुद्दाम कमी करून म्हणाली.

"मनगटाएवढी," सोफानोर म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "तुझ्या बोटाएवढीनं काय धरतंय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"मीच बांधली. मला ठाऊक नको?"

"मग सकाळपासून बोलला का नाहीत? त्या बैलांची दशा बघा."

"मालकानं बोलायचं नाही. रीत आहे."

दोचा त्यांच्याशेजारी होडीवर बसली. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, म्हणून तिनं दोन्ही थांबवून त्यांच्या हातातला माते घेतला. पाणी गार झालं होतं. तरी प्यायली.

"कधी बांधली?"

"त्या लाटेनंतर, हे घर उभं केलं तेव्हा. तू आंकुदला शिकायला गेली होतीस."

ती लाट दोचाला विसरणं शक्य नव्हतं. साठ साली, मे महिन्यात, रविवारी दुपारी जमीन अशी हलली की गाई बसल्या. बाबांनी सगळ्यांना टेकडीवर पळवलं. वरून त्यांनी बघितलं, समुद्र आधी मागे गेला, मग आला, आणि त्यांचं पहिलं घर अलगद उचलून घेऊन गेला. कुणी ओढलं नाही, कुणी हुकूम दिला नाही. धुराड्यातून धूर निघत होता आणि घर खाडीतून बाहेर चाललं होतं, एखादी बाई रविवारची नटून देवळात निघावी तसं. चौदा वर्षांच्या दोचाला ते बघून जे वाटलं, ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं: घर सुंदर दिसत होतं.

"तुझी आई काय म्हणाली होती, आठवतं?"

"आई हसली होती."

"हसली. मग रात्रभर रडली. आणि सकाळी म्हणाली, पुढचं बांधशील तेव्हा त्याला बांधून ठेव. मी बांधलं." सोफानोर आपल्या बोटांकडे बघत होते. "दर सप्टेंबरात खाली जाऊन साखळीला तेल देतो. अडतीस सप्टेंबर झाले. बांध म्हणाली, ते ऐकलं. सोड म्हणायला ती राहिली नाही."

आईला, क्लोरिंदाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. तिकडे माणसं जमून उभी होती, पण मुद्दाम पाठमोरी, जसं बेटावर एखाद्याच्या घरातलं बोलणं उघड्यावर निघालं की उभं राहतात.

"साखळी चांगली आहे," शेवटी ती म्हणाली. "बारा जोड्यांना हरवलं तिनं."

"हरवणारच."

"घर बुंध्याला धरून आहे. बुंध्याला कोण धरून आहे?"

"मूळ."

"आणि मुळाला?"

सोफानोरनी कडेकडे बघितलं.

"माती," दोचा म्हणाली. "आणि माती सात पावलं उरलीय. बाबा, मी खाली जाऊन आले. बुंध्याच्या पलीकडून उजेड दिसतो. मुळं हवेत लोंबतायत. ती जातील तेव्हा तुमची ही चांगली साखळी घराला धरूनच खाली नेईल. आईनं घर समुद्राला जाऊ नये म्हणून बांधायला सांगितलं होतं ना? का समुद्राबरोबर जावं म्हणून?"

"तू वर्गात पोरांशी असंच बोलतेस?"

"पोरं लवकर ऐकतात."

सोफानोरनी टोपी काढली, होडीवर ठेवली, मग पुन्हा उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, कारण होडी ओली होती. गुडघ्यांवर हात देऊन उठले.

"साखळीच्या खिळीचा आटा उलटा आहे," ते म्हणाले. "तुला जमायचं नाही. आणि ताण असताना तर कुणालाच नाही. अबेलिनोला सांग, घर वीतभर मागे घ्यायला. मी सांगितलं म्हणू नकोस. मला बोलायचं नाहीये."

अबेलिनोला सांगितलं. त्यानं चार पहारी लावून घर मागे रेटलं. सोफानोर शहात्तराव्या वर्षी पोटावर सरपटत आत गेले, आणि बाहेर त्यांचे बूट तेवढे दिसत राहिले, ते बघत दोचा गवतात बसली. आतून लोखंडाचा आवाज आला. मग काहीच नाही. मग बराच वेळ काहीच नाही, आणि तिनं हाक मारली नाही. मग साखळी जड जड मातीत पडल्याचा आवाज आला. अडतीस वर्षं तेल पाजलेली खिळी हातानं फिरली होती.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालाला माती होती आणि ती दोन ठिकाणी ओली होती. "आत धूळ फार," ते म्हणाले. कुणी नाही म्हणालं नाही.

"कोंबडी कुठं गेली, काका?" काळ्या बैलाच्या मालकानं विचारलं.

"तुझा बैल बघून उडाली."

त्यानंतर अबेलिनोनं हुकूम दिला तेव्हा त्याच्या आवाजात विचारणा नव्हती. चोवीस माना खाली गेल्या, घर एकदा दीर्घ कण्हलं, आणि निघालं.

निघालं की मग त्याच्याकडे बघत राहावं. अख्खं घर, भिंती, छप्पर, माजघराच्या भिंतीवरचा येशूच्या तसबिरीचा चौकोनी डाग, सगळं खालच्या ओंडक्यांवरून गडगडत गवतातून चाललं होतं. मागे मोकळा झालेला ओंडका माणसं उचलायची, पळत पुढे आणायची आणि बैलांच्या मागे पुन्हा आडवा घालायची. मुलं दोन्ही बाजूंनी धावत होती. नायादेत ओरडून काटा किती दाखवत असेल त्याचे आकडे लावत होती. घराच्या मागे सोफानोर चालत होते, हातात चिचेचा जग, डोकं उघडं, कारण टोपी दोचाच्या डोक्यावर होती.

शाळेच्या टेकडीच्या पायथ्याशी एक पाणथळ आहे. वीस पावलांचा काळा चिखल, त्यावर फांद्या अंथरल्या होत्या. बैल तिथं गुडघ्यापर्यंत आत गेले. घराचा वेग उतरला. अबेलिनोनं बैलांच्या कुशी वरखाली होताना बघितल्या, आणि त्याचा मायाळू स्वभाव आड आला. दम घेऊ द्यावा म्हणून त्यानं हात वर उचलायला सुरुवात केली.

इथं घर थांबलं तर बसेल. बसलं तर ओंडके चिखलात रुततील, आणि उठवायला लागेल तो जोर आता बारा जोड्यांत उरलेला नाही. घर मग ना खालचं ना वरचं. तिनं वळून वडिलांकडे बघितलं. चिखलात अडकलेलं घर म्हणजे त्यांच्यासाठी वर न जायला निमित्तच होतं. काही न करता, नुसतं रीतीप्रमाणे गप्प राहून, ते मिळणार होतं.

सोफानोर अबेलिनोच्या हाताकडे बघत होते. जग त्यांच्या हातून पडला.

"हात खाली!" चाळीस वर्षांचा आवाज होता तो, पुढच्या जोडीनं मालकाच्या आधी ओळखला. "थांबवू नको त्याला, गाढवा! चाललंय तर चालू दे! काळ्याला टोच, काळ्याला! ओढ… ओढ… ओढ!"

कुणी रीत काढली नाही. अबेलिनोनं हात असा खाली घेतला जसा कधी वर गेलाच नव्हता. दोर धरलेली, न धरलेली, चिचा पिणारी सगळी मागच्या भिंतीला खांदा देऊन चिखलात उतरली, दोचासुद्धा, आणि तिच्या शेजारी सोफानोर, ज्यांनी घराला हात लावायचा नव्हता. घर डगमगलं, फांद्या मोडल्याचे आवाज आले, पण थांबलं नाही. पाणथळ संपली आणि चढ लागला. घर चढावर गेलं, हळूहळू, एखादी जाड मावशी कुणाचा हात धरून जिना चढते तसं.

वर दोचानं चुन्याची रेघ मारून ठेवली होती. इथं पुढची भिंत. चढ संपून सपाट गवत आलं, बैलांना हलकं वाटलं, आणि त्यांनी घर ओढलं ते जोमानं. अबेलिनो "थांब" म्हणाला. बैल थांबले. घर थांबलं नाही. ओंडक्यांवरून ते आपल्या तालात रेघ ओलांडून गेलं, शाळेच्या कुंपणाच्या चार फळ्या मोडल्या, आणि पाचरी बसल्या तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी वर्गाच्या खिडकीपासून तीन पावलांवर होती.

"मागे घ्यायचं का, बाई?" अबेलिनोनं घाम पुसत विचारलं.

बैलांकडे बघून दोचाला तसं म्हणवेना. वाफेच्या खड्ड्यावरून ओर्तेन्सियानं ओरडून सांगितलं, की आता जेवला नाहीत तर शिंपले दगड होतील, आणि घराचा विषय तिथं संपला. सोफानोर मिल्काओ हातात धरून घराभोवती तीन फेऱ्या मारून आले. "जरा पुढे आलंय," एवढंच म्हणाले, तक्रार असावी तसं. पण संध्याकाळच्या आत शेगडी आत गेली होती, धुराडं लागलं होतं, आणि कुठलं लाकूड घालायचं ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

सोमवारी दोचानं तोच धडा पुढे घेतला. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, हवा चांगली होती.

"बैल थांबले, तरी घर का थांबलं नाही?" तिनं विचारलं.

नायादेतचा हात वर. "बाई, चाललेली वस्तू चालत राहते. अडवल्याशिवाय थांबत नाही."

"शाबास."

"चूक," तीन पावलांवरून आवाज आला. सोफानोर खिडकीत बसून बटाटे सोलत होते. "अबेलिनोनं पाचर उशिरा मारली, म्हणून."

नऊ मुलं बाईंकडे बघत राहिली. दोचानं फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली, एकाखाली एक. मग ती खिडकी लावायला गेली, आणि न लावताच परत आली.